कडं ज्याच्या हातात

कळंबची मुनिरा मणेर तोंड मिटून बसलेली कुणी पाहिली नव्हती. गाव तिच्या बोलण्याला बडबड म्हणायचं आणि गावाचं त्यात फारसं चुकत नव्हतं. पण ती बडबड म्हणजे तिचा अर्धा धंदा होता, हे फक्त तिच्यापुढं हात केलेल्या बायकांना ठाऊक.

मुनिरा आठवडी बाजारात बांगड्या भरायची. काचेची बांगडी मनगटाला शोभायची तर ती अंगासरशी बसणारी हवी, आणि अशी बांगडी तळहातावरून सुखासुखी जात नाही. अंगठ्याच्या बुडाशी हाड आडवं येतं. तिथं बाईनं हात ताठ केला की बांगडी पिचलीच. बरं, 'हात सैल सोड' म्हणून जगातला कुठलाही हात सैल पडत नाही, उलट जास्तच आखडतो. म्हणून मुनिरा विचारायची, "तुझ्या म्हायेरच्या विहिरीला पायऱ्या हायत का गं?" किंवा, "शाळंत तुझ्याशेजारी कोण बसायची?" बाई मनातल्या मनात विहिरीत उतरायला लागायची, शेजारणीचं नाव आठवायला डोळे वर करायची, आणि तेवढ्यात हात लोण्यासारखा मऊ पडून बांगड्या आत गेलेल्या असायच्या. दुखलं कधी हेच त्या बाईला कळायचं नाही.

हे तिला सासूनं शिकवलं. मुनिराचं माहेर डाळजचं, हमरस्त्याकडेच्या रानातलं. लग्न होऊन कळंबला आली तेव्हा तिला कांदा काढता येत होता, बांगडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासूनं तिला बाजारात शेजारी पोत्यावर बसवलं आणि बोलायला शिकवलं. तिनं आणखी एक गोष्ट शिकवली होती, पालाच्या मागं नेऊन, आवाज खाली करून.

"मनगटाला कवा काय इचारायचं न्हाय," सासू म्हणाली होती. "काळंनिळं दिसंल, वरखडा दिसंल, डागल्यालं दिसंल. आपली नजर बांगडीवर. बाई बाजारात येती ती घटकाभर इसरायला. तू आठवण करून दिलीस तर ती परत तुज्याम्होरं हात करायची न्हाय."

सासू वाईट बाई नव्हती. तिला ही माया वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडी मायाच होती त्यात. मुनिरानं ती शिकवण जन्मभर इमानानं पाळली. किती मनगटांवर तिनं काय काय पाहिलं आणि विहिरीच्या पायऱ्या विचारल्या, ते तिचं तिला माहीत.

ईदच्या खेळाची कल्पनाही तिला त्या धंद्यातूनच सुचली. रमजान ईदला मुनिराच्या घरी सगळं गोत जमायचं. बारामतीहून तिचे थोरले दीर इमाम कुटुंबकबिला घेऊन यायचे. शेजारचे जोतीरामतात्या, ज्यांचा ऊस मुनिराच्या परसाला येऊन टेकला होता, शिरखुर्म्याला न चुकता हजर. पण जमून करायचं काय? पुरुष कारखान्याच्या गप्पा मारणार, बायका चुलीपाशी घामाघूम होणार, पोरं मोबाईलमध्ये नाक खुपसून बसणार. थोरांनी पोरांशी बोलायचं म्हणजे फौजदारानं चौकशी करावी तसं. कितवीला? टक्के किती पडले? लगीन कवा? पोरं उत्तर देऊन जी पळायची ती जेवायलाच उगवायची.

एका ईदला मुनिरा हे बघून वैतागली. तिनं पेटीतलं एक पितळी कडं काढलं आणि सगळ्यांना अंगणातल्या पत्र्याखाली गोल बसवलं. कडं ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये तोंड घालणाऱ्यानं जेवणाची भांडी घासायची, मग तो कुणी का असेना. सवाल एकच, तोच सगळ्यांना, आणि असा की शाळकरी पोराला आणि दात पडलेल्या म्हाताऱ्याला सारखाच सुचावा. टक्के, पगार, लगीन, मूलबाळ, यातलं काही विचारायचं नाही. पंच अर्थातच मुनिरा.

पहिल्यांदा मोठ्या माणसांनी नाकं मुरडली. मग "ल्हानपणी कशापायी मार खाल्ला?" या सवालावर जोतीरामतात्यांनी, मास्तरांचं धोतर वाळत होतं ते शेळीला खायला घातल्याची गोष्ट सांगितली, आणि अंगण असं हसलं की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला थांबून बघायला लागला. इमाम म्हणजे मोठं गंभीर प्रकरण, बाजारपेठेत दुकान, दोन गावांच्या तंट्यांत ज्यांचा शब्द चालतो असा माणूस. पण ते तात्यांच्या मध्येच बोलले म्हणून खरोखर बाह्या सारून बिर्याणीचं पातेलं घासायला बसले. त्या दिवसापासून पोरं त्यांना घाबरेनाशी झाली. पुढं लोक शिरखुर्म्याइतकीच त्या खेळाची वाट बघायला लागले.

यंदाच्या ईदला मात्र मुनिराच्या मनाला स्वस्थता नव्हती.

तिची एकुलती लेक साजिया रमजानच्या आधीच माहेरी आली होती. "रोजे तुज्याजवळ करते," एवढंच म्हणाली. तिला सोमेश्वरनगरला दिलेली. जावई अरफात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. वागायला नेमस्त, मोठ्यांपुढं मान खाली. स्थळ इमामांनीच आणलेलं. निम्मा महिना सरला तेव्हा विहीणबाईंचा फोन आला, आणि मुनिरा नेहमीच्या मोकळेपणानं बोलून गेली, "ईद झाली की दुसऱ्या दिवशी पाठवते. अरफातला न्यायला येऊ द्या." इमामांनीही वरून हमी भरली. शब्द गेला. साजियाला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. पिठाच्या हातानं ती दारात उभी होती, तिनं ऐकलं आणि आत गेली.

ईदच्या आदल्या दिवशी दुपारी मुनिरा लेकीला बांगड्या भरायला बसली. पुढ्यात लालहिरव्या काचेचे झुबके मांडलेले. साजिया म्हणाली, "काचंच्या नकू, अम्मी. धातूच्या भर."

बांगड्या भरणाऱ्या मणेरणीची लेक ईदला काचेच्या बांगड्या नको म्हणत होती. मुनिरानं तिचा हात हातात घेतला आणि तिला दिसलं. मनगटाभोवती बारीक रेघा होत्या. काही जुन्या पांढऱ्या पडलेल्या, काही अजून गुलाबी, आणि सगळ्या गोलाकार. बांगडी कशावर आपटून फुटली तर काच बाहेर उडते, फार तर एखादा ओरखडा उठतो. दुसऱ्या कुणी मनगट मुठीत धरून आवळलं तरच ती अशी चहूबाजूंनी आत घुसते. मुनिराला हे सांगायला कुणी लागत नव्हतं. बाजारात असली मनगटं तिनं कैक पाहिली होती.

आणि तिच्या तोंडातून सवाल आला, तो असा.

"डाळजला मामाची तांबडी गाय व्हती बघ. तिचं नाव काय गं व्हतं?"

साजिया तिच्याकडे बघत राहिली. हात काही मऊ पडला नाही. "आठवत न्हाय," ती म्हणाली.

मुनिरानं धातूच्या बांगड्या साबण लावून चढवल्या आणि पेटी बंद केली. सकाळपर्यंत तिनं स्वतःची समजूतही घालून टाकली. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. पोरगी बोलत नाही म्हणजे तिला बोलायचं नसेल. गोत जमणार, त्यात हा विषय नको. आपण खेळ असा घ्यायचा की कुणी तिला वाकडा प्रश्न विचारणार नाही, पोरीचा दिवस हसण्यात जाईल. हा तिचा बेत. लेकीचं दुःख तिनं गिऱ्हाइकाच्या दुःखासारखं हाताळलं, आणि त्यात आपण तिला सांभाळतोय असं तिला मनापासून वाटत होतं. याला काय म्हणावं?

ईदची नमाज झाली, शिरखुर्मा झाला, जेवणं झाली. पत्र्याखाली सतरंजी पडली. जोतीरामतात्या भिंतीला टेकून बसले, इमाम खुर्ची नाकारून खाली बसले, मुनिराचा नवरा फिरोज नेहमीप्रमाणे कडेला. इमामांची नात अल्फिया मांडी घालून अगदी मध्यभागी. ही पोरगी वर्षभर या खेळाची वाट बघायची. साजिया आईच्या शेजारी.

पहिली फेरी 'असं काय येतं तुम्हाला, जे हितं कुणालाच ठाऊक न्हाय?' या सवालाची झाली. तात्यांना लेकरांची झबली शिवता येतात हे उघड झालं. साजिया म्हणाली, "मला मोटार बांधता येती. बघून बघून शिकले." सगळ्यांनी कौतुक केलं. मुनिराचा जीव भांड्यात पडला.

मग अल्फियानं हट्ट धरला. "दादी, यंदा एक सवाल माजा!"

"इचार की."

"सगळ्यात जास्त भ्या कशाचं वाटतं? खरं खरं सांगायचं."

मुनिरानं क्षणभर विचार केला. टक्के नाहीत, लगीन नाही, मूलबाळ नाही. नियमात बसत होता. "चालंल," ती म्हणाली.

कडं फिरू लागलं. अल्फियाला मोरीतल्या पालीचं भय. तात्या म्हणाले, "मला दवाखान्यातल्या सुईचं. नातू हसतोय, पर मी डोळं मिटून घेतो." इमामांनी कडं बोटात फिरवलं, घसा खाकरला आणि कबूल केलं, "लिफ्टचं. पुण्याला गेलो की जिन्यानं चढतो आन सांगतो, तब्येतीला बरं असतंय." अल्फिया हसून लोळायला लागली. फिरोज बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यानं मुनिराकडं बघितलं आणि म्हणाला, "हिच्या गप बसण्याचं. सकाळधरनं ही चुलीपाशी गप हाय." पुन्हा हशा झाला. मुनिरा त्यात सामील झाली खरी, पण नवऱ्यानं नेमकं ओळखलं होतं.

कडं साजियाच्या हातात आलं. तिनं ते दोन्ही तळहातांत धरलं.

"उद्याचं," ती म्हणाली.

अल्फियाला काही कळलं नाही. "उद्याचं म्हंजी? उद्या काय हाय, फुफी?"

"उद्या अरफात न्यायला येनार हाय."

हसू जिथल्या तिथं थांबलं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुनिराच्या हातांनी आणि जिभेनं त्यांना जे येत होतं ते केलं. तिनं कड्याकडे हात पुढं केला आणि आवाजात उसना उत्साह आणून म्हणाली, "बरं, आता दुसरा सवाल! अल्फिया, सांग बरं, तुमच्या शाळंतलं..."

साजियानं कडं सोडलं नाही. "अम्मी," ती म्हणाली, "कडं माज्याच हातात हाय."

इमाम पुढं सरकले. "साजिया, बेटा, ह्या घरातल्या गोष्टी हायत. आपन मागनं बसून बोलू. चार माणसांत..."

"आबा मदी बोललं! आबा, भांडी!" अल्फिया ओरडली. कुणीच हसलं नाही, तशी ती कावरीबावरी होऊन आजोबांना बिलगली.

जोतीरामतात्या जाणता माणूस. ते हळूच उठले. "भाबी, रानात पाणी चालू हाय. मी येतो."

तात्या गेले की काय होणार, ते मुनिराला लख्ख दिसलं. दार लोटलं जाईल. इमाम समजुतीच्या चार गोष्टी सांगतील. अरफातला फोन करून दम दिला जाईल, तो मान खाली घालून व्हय म्हणेल. आणि उद्या पोरगी गाडीवर मागं बसून जाईल. आपण तिला वाटेत खायला काही बांधून देऊ. एवढंच होईल, कारण इतक्या बायकांच्या बाबतीत एवढंच झालेलं तिनं पाहिलं होतं.

"बसा, तात्या," मुनिरा म्हणाली. "जाऊ नगा."

तात्या बसले.

मुनिरानं लेकीकडे तोंड केलं. आयुष्यभर अनोळखी बायकांना हजार सवाल विचारलेल्या या बाईनं हा एक सवाल कधी विचारला नव्हता. फिरोज कडेच्या जागेवरून उठला आणि साजियाच्या पलीकडे येऊन बसला. मग मुनिरानं विचारलं.

"तुज्या हातातल्या बांगड्या कोन फोडतं?"

"अरफात," साजिया म्हणाली. ती रडली नाही. इतके दिवस तयार असलेलं उत्तर द्यावं तसं तिनं दिलं. "शिवी देत न्हाय. आवाज चढवत न्हाय. मनगट धरतो आन दाबतो. काच आत जाईस्तवर सोडत न्हाय. मग सवता चिमट्यानं काढतो, दिव्याखाली धरून. म्हनतो, मणेरणीच्या लेकीला बांगड्यांचा काय तोटा हाय."

फिरोजनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला का न्हाय सांगितलंस?" इमामांनी विचारलं. "स्थळ मी आणलं व्हतं. मला सांगायचं न्हाय का?"

"बडे अब्बा, तुमी दर भेटीला इचारलं. धंदा बरा हाय का, अरफात नमाजला जातो का, सासू खूश हाय का. समद्याची उत्तरं मी खरीच दिली."

इतरांच्या तंट्यांत बोलणारे इमाम सतरंजीची दशी ओढत बसले. मग म्हणाले, "पर शब्द गेलाय. माणूस उद्या दारात यील. त्याला काय सांगायचं?"

मुनिरानं त्याचं उत्तर दिलं नाही. ती आत गेली, मोबाईल घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत विहीणबाईंना फोन लावला. पलीकडून ईदच्या मुबारकबादी सुरू झाल्या. मुनिरानं त्या मध्येच तोडल्या, जे तिनं जन्मात केलं नव्हतं.

"अरफातला पाठवू नगा. साजिया येनार न्हाय."

पलीकडचं बोलणं पत्र्याखाली सगळ्यांना ऐकू येत होतं. तुम्ही शब्द दिला होता, विहीणबाई म्हणत होत्या. इमामभाईंनी दिला होता.

"दिला व्हता. तिला न इचारता दिला व्हता. आता तिला इचारलं." मुनिरा सतरंजीवर साजियाच्या शेजारी बसली. "तुमाला ठाऊक हाय का न्हाय, मला ठाऊक न्हाय. ठाऊक नसंल तर तुमच्या लेकाला इचारा. हितं कुनी न्यायला आलं तर मी दारात बसंन. माज्या शेजारी तात्या बसतील, हिचे अब्बा बसतील." ती थांबली, तिनं इमामांकडे पाहिलं. इमामांनी मान हलवली. "आन भावजी बी बसतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कुणी शाबासकी दिली नाही, देण्यासारखं काही नव्हतंच. जोतीरामतात्यांनी जाताना साजियाच्या डोक्यावर हात ठेवला. इमामांनी बायकापोरांना बारामतीला धाडलं आणि स्वतः मुक्कामाला राहिले. उद्या सकाळी दारात आपण असायला हवं, एवढंच म्हणाले. फिरोज अंगणात उगाच झाडलोट करत राहिला.

मागं परसात मायलेकी भांडी घासायला बसल्या. उसाच्या पानांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मुनिराच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. आपण शेवटी का होईना, बरोबर वागलो, पोर सुटली, असं तिला वाटत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. तिनं राखेचा हात पदराला पुसला आणि साजियाच्या पाठीवर ठेवला.

"बरं झालं बाई सांगितलंस," ती म्हणाली. "एवढं दिवस मनात घेऊन कशी गं राह्यलीस?"

साजिया पातेलं विसळत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मुनिराला सोपं गेलं असतं.

"मागच्या ईदला बी तू माजा हात धरलावतास, अम्मी," ती म्हणाली. "तवा बी रेघा व्हत्या. तू बघितल्यास, मी तुज्या तोंडाकडं बघत व्हते. मग तू काचंच्या भरल्यास. मला वाटलं, आता इचारशील. तवा इचारलं असतंस तर मी तवाच सांगितलं असतं."

मुनिराला ती दुपार आठवत होती. तिनं रेघा पाहिल्या होत्या, आणि लेकीला काहीतरी विचारलंही होतं. काय विचारलं होतं ते मात्र तिला आता काही केल्या आठवेना. साजियानं विसळलेलं पातेलं पुढं केलं आणि ती ते घेऊन पुसत बसली.